पाच हजारांचं डिडक्टिबल आणि सप्टेंबरातलं जॉइनिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतरांनाही उत्तर कळेल. पुण्याहून सप्टेंबरात न्यू जर्सीला येताय. सोबत बायको, तिला थायरॉइडची रोजची गोळी, आणि सहा वर्षांचा मुलगा, त्याला दमा. कंपनीने दोन विमे पुढे ठेवलेत. पीपीओ, म्हणजे हप्ता जास्त पण डिडक्टिबल कमी असा प्लॅन, घेतला तर दर दोन आठवड्यांच्या पगारातून ३३० डॉलर कापणार, डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी वर्षभरात तुम्ही स्वतः भरायची रक्कम) १,००० आणि वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त ५,०००. एचडीएचपी, म्हणजे हाय-डिडक्टिबल हेल्थ प्लॅन, घेतला तर कापणार १५०, पण डिडक्टिबल ५,००० आणि कमाल मर्यादा १०,०००. या दुसऱ्या प्लॅनसोबत कंपनी एचएसए खात्यात, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यात, वर्षाला १,५०० डॉलर टाकणार. डिडक्टिबलनंतर दोन्हींत बिलाचे २० टक्के तुमचे. आणि तुम्ही विचारताय, "चार लाखांच्या वर रुपये आधी मीच भरायचे, तर याला विमा म्हणायचं कशाला?"

तुम्हाला सुपर टॉप-अप माहीत असेल. पाच लाखांपर्यंत तुमचं तुम्ही बघा, त्याच्या वर कंपनी बघेल, म्हणून हप्ता स्वस्त. एचडीएचपीचा मूळ हिशेब तोच. फरक एवढाच की तिकडे टॉप-अपच्या खाली बहुतेकांचा मेडिक्लेम असतो, इथे खाली तुमचं सेव्हिंग्ज. आणि नव्याने आलेल्या माणसाकडे नेमकं तेच नसतं. घराचं डिपॉझिट, गाडी, गाद्या, भांडी यांत पहिले दोन-तीन पगार कुठे जातात कळत नाही.

पूर्ण वर्षाचा हिशेब आधी करू. वर्षात २६ पगार. पीपीओचा हप्ता ८,५८० डॉलर. एचडीएचपीचा ३,९००, त्यातून कंपनीचे १,५०० वजा केले तर २,४००. कुणी आजारीच पडलं नाही तर एचडीएचपी ६,१८० डॉलरनी स्वस्त. सगळं बिघडलं, दोन्हींची कमाल मर्यादा गाठली, तर पीपीओ १३,५८० आणि एचडीएचपी १२,४००. म्हणजे चांगल्या वर्षी आणि वाईट वर्षीही एचडीएचपीच पुढे. ऑफिसातले लोक तुम्हाला "डोळे मिटून एचडीएचपी घे" म्हणतील ते यामुळे, आणि जानेवारी ते डिसेंबर धरलं तर ते बरोबर आहेत. (कंपनी एचएसएत काहीच टाकत नसती, तर वाईट वर्षी पीपीओ थोडा स्वस्त पडला असता. तेव्हा मित्राच्या कंपनीचं गणित उचलून आपल्याला लावू नका.)

पण तुम्ही सप्टेंबरात येताय. बहुतेक कंपन्यांत डिडक्टिबल १ जानेवारीला परत शून्यावर येतं, आणि मधेच रुजू झालात म्हणून ते चार महिन्यांपुरतं कमी करून मिळत नाही. हप्त्यातली बचत मात्र चारच महिन्यांची. डिसेंबरपर्यंत साधारण ८ पगार धरा. कंपनीचे एचएसएचे पैसेही अशा वेळी बहुधा महिन्यांच्या प्रमाणात मिळतात, म्हणजे ५०० च्या आसपास. आता बघा: कुणी आजारी नाही पडलं तर पीपीओला २,६४०, एचडीएचपीला ७००. सगळं बिघडलं तर पीपीओला ७,६४०, एचडीएचपीला १०,७००. मधला काटा कुठे फिरतो तेही काढलं: चार महिन्यांत तुमची एकूण बिलं ३,४०० डॉलरच्या वर गेली की पीपीओ स्वस्त पडतो.

दम्याच्या मुलाला रात्री एकदा इमर्जन्सीत न्यावं लागलं, तर ३,४०० फार लांब नाही. त्यात सप्टेंबर हा इथे दम्याचा हंगाम. शाळा सुरू झालेल्या असतात, सर्दीचे व्हायरस वर्गभर फिरतात आणि रॅगवीडचे परागकण हवेत असतात. पुण्याहून आलेल्या मुलाला यातलं काय मानवेल आणि काय नाही, कुणी सांगावं?

म्हणून माझं मत असं: डिसेंबरपर्यंत पीपीओ घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षासाठी प्लॅन बदलायची मुदत) उघडलं की जानेवारीपासून एचडीएचपीवर जा. हाताशी १०,००० डॉलर मोकळे असतील तर पहिल्या दिवसापासून एचडीएचपी घ्यायलाही हरकत नाही. पण तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून तसं वाटत नाही.

यात एक फट आहे, ती बुजवून ठेवा. पीपीओ निवडताना पोर्टल तुम्हाला एफएसए घ्यायला सुचवेल. तोही वैद्यकीय खर्चासाठी करमुक्त पैसे ठेवायचाच प्रकार. पण साध्या एफएसएतली शिल्लक जानेवारीत पुढे सरकली, तर त्या काळात एचएसएत पैसे टाकायला तुम्ही अपात्र ठरता. बायकोला नोकरी लागली आणि तिने तिच्या कंपनीत एफएसए घेतला तरी तेच, कारण त्यातून तुमचाही खर्च निघू शकतो. फक्त दात आणि डोळ्यांपुरता मर्यादित एफएसए असतो, तो चालतो. चार महिन्यांसाठी एफएसएच्या नादी लागूच नका.

एचएसएचं सांगते. हे खातं तुमच्या नावावर असतं. नोकरी सोडली तरी तुमचंच राहतं आणि वर्षाअखेरीला पैसे बुडत नाहीत. २०२६ साली कुटुंबासाठी मर्यादा ८,७५० डॉलर आहे, कंपनी टाकते ते धरून. पगारातून थेट वळवलं तर फेडरल इन्कम टॅक्स वाचतो, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपातही लागत नाही. न्यू जर्सी मात्र ही सूट मानत नाही, कॅलिफोर्नियाही मानत नाही, त्यामुळे राज्याचा कर त्या पैशांवर भरावा लागेल. त्याने गणित बिघडत नाही, फक्त टॅक्स भरताना आकडे जुळेनात म्हणून गोंधळू नका. जानेवारीत हप्ता ३३० चा १५० झाला की ते १८० डॉलर पगारात येऊच देऊ नका, पहिल्याच पगारापासून एचएसएत वळवा. वर्षाचे ४,६८० होतात, कंपनीचे १,५०० धरले तर ६,१८०. डिडक्टिबल भरून वर उरतं. ज्यांनी ही बचत घरखर्चात मिसळू दिली, तेच मार्चमध्ये बिल आलं की एचडीएचपीच्या नावाने खडे फोडतात.

एचएसएतले पैसे भारतातल्या उपचारांनाही चालतात. सुट्टीत पुण्यात दातांचं काम केलं तर शिक्क्याची, नावाची पावती घ्या आणि जपून ठेवा. तुमच्या, बायकोच्या, मुलाच्या खर्चाला चालतं. भारतात राहणाऱ्या आईवडिलांच्या खर्चाला नाही. ६५ वर्षांच्या आत भलत्या कामाला काढले तर कर आणि वर २० टक्के दंड.

आता दमा आणि थायरॉइड. एचडीएचपीत डिडक्टिबल भरेपर्यंत औषधांचेही पैसे तुमचेच, हा सर्वसाधारण नियम. पण २०१९ पासून अमेरिकेच्या कर खात्याने काही जुनाट आजारांच्या औषधांना यातून सवलत द्यायला परवानगी दिली आहे, आणि दम्याचे स्टिरॉइडचे इनहेलर त्यात आहेत. परवानगी आहे, सक्ती नाही. म्हणून एचआरला ईमेल करून तुमच्या प्लॅनची प्रिव्हेंटिव्ह ड्रग लिस्ट, म्हणजे अशा सवलतीच्या औषधांची यादी, मागा आणि मुलाच्या रोजच्या इनहेलरचं जेनेरिक नाव त्यात शोधा. धाप लागल्यावर घ्यायचा साल्ब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल नावाने मिळतो, तो बहुधा त्या यादीत नसतो. काही मोठ्या औषध कंपन्यांनी २०२४ पासून आपल्या इनहेलरचा खर्च महिन्याला ३५ डॉलरपर्यंत मर्यादित केलाय, तेही विचारून घ्या. थायरॉइडची गोळी जेनेरिक आहे, विमा न लावताही स्वस्त मिळते. गुडआरएक्स या औषधांचे भाव दाखवणाऱ्या साइटवर दोन-चार दुकानांचे भाव बघा. विम्याबाहेर घेतलेलं औषध डिडक्टिबलमध्ये मोजलं जात नाही, पण दहा-पंधरा डॉलरसाठी त्याची फिकीर कशाला.

मुलाच्या लसी आणि वार्षिक तपासणी, तुम्हा दोघांची वार्षिक तपासणी, हे इन-नेटवर्क, म्हणजे तुमच्या विम्याशी करार असलेल्या, डॉक्टरकडे फुकट. डिडक्टिबलशी संबंध नाही. तरी एक गंमत ऐका. माझी वार्षिक तपासणी चालू होती, उठता उठता डॉक्टरबाईंना म्हटलं, जिना चढताना गुडघा कुरकुरतो. त्यांनी दोन मिनिटं गुडघा वाकवून पाहिला. महिन्याने कागद आला तेव्हा फुकट तपासणीच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, ऑफिस व्हिजिटची, आणि तिचे पैसे माझे. हे नियमात बसतं. फुकट असतं ते फक्त प्रतिबंधात्मक, तक्रार सांगितली की वेगळी व्हिजिट. म्हणून तक्रारी सांगू नका असं नव्हे, पण बिल बघून दचकू नका.

तो कागद म्हणजे ईओबी, एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स. विमा कंपनी पाठवते, वर लिहिलेलं असतं की हे बिल नाही. माझ्या मुलीला ताप आला म्हणून अर्जंट केअरला (अपॉइंटमेंट न घेता जाता येतं असा दवाखाना) गेलो होतो, त्याच्या ईओबीवर पहिला आकडा ४१० होता. शेजारी कराराची सूट, मग मान्य झालेला भाव १६८, आणि शेवटच्या रकान्यात 'तुम्ही देणं लागता' १६८, कारण डिडक्टिबल तेव्हा कोरंच होतं. म्हणजे डिडक्टिबल भरलं नसलं तरी विम्याने ठरवलेला भाव तुम्हाला मिळतोच. विमा वाया जातो असं समजू नका. डॉक्टरचं बिल आलं की ईओबी शेजारी ठेवायचं, दोन्हींतला आकडा एक असेल तरच पैसे भरायचे. नसेल तर बिलिंगला फोन, आयटमाइज्ड बिल मागायचं. काउंटरवर "आज सातशे भरून टाका" म्हणाले तर नम्रपणे सांगायचं की क्लेम होऊ द्या, मग भरू. बहुतेक ठिकाणी ऐकतात.

फोनवर विचारताना "तुम्ही अमुक विमा घेता का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. कार्डावरचं नेटवर्कचं नाव वाचून "या नेटवर्कमध्ये तुम्ही आहात का?" असं विचारा. रक्ताच्या तपासण्या हॉस्पिटलच्या लॅबऐवजी क्वेस्ट किंवा लॅबकॉर्पसारख्या स्वतंत्र लॅबमध्ये, एमआरआय स्वतंत्र इमेजिंग सेंटरमध्ये. तीच तपासणी हॉस्पिटलात कितीतरी महाग पडते. प्लॅनच्या पोर्टलवर आधी भाव बघता येतो.

मुलाला खरंच धाप लागली असेल तेव्हा यातलं काही आठवायचं नाही, ९११ लावायचा. २०२२ पासून कायदा आहे की इमर्जन्सीत कुठलंही हॉस्पिटल असलं तरी तुमच्याकडून इन-नेटवर्कइतकेच पैसे घ्यायचे. रस्त्यावरची अँब्युलन्स या कायद्यात नाही, तिचं बिल वेगळं येऊ शकतं. येऊ दे. मोठं बिल आलंच तर बहुतेक ठिकाणी व्याजाशिवाय हप्ते बांधून मिळतात, मागावे लागतात. ना-नफा हॉस्पिटलांना तर आर्थिक मदतीचं धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो. क्रेडिट स्कोअरची भीती कुणी घातली, तर हे लक्षात असू द्या: थकलेलं वैद्यकीय बिल वर्षभर रिपोर्टवर चढत नाही, आणि ५०० डॉलरच्या आतलं चढतच नाही.

निघण्यापूर्वी एचआरला दोन गोष्टी लेखी विचारा. विमा रुजू झाल्या दिवसापासून सुरू होतो की पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून? कायद्याने ९० दिवसांपर्यंत थांबवता येतं, मधल्या काळासाठी प्रवासी विमा घेऊन या. आणि कुटुंबात एकट्या मुलाचा खर्च झाला तर त्याचं वेगळं डिडक्टिबल आहे, की अख्खे ५,००० भरेपर्यंत कुणालाच काही नाही? दोन्ही प्रकार असतात. प्लॅन निवडायला बहुधा ३० दिवस मिळतात, ते जेट लॅगमध्ये घालवू नका.

दातांचं आणि चष्म्यांचं काम पुण्यातच उरकून या. मुलाच्या लसींची नोंद आणि डॉक्टरांची सही असलेली, औषधांची जेनेरिक नावं लिहिलेली चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा, शाळेलाही लसींची नोंद लागते. तीन महिन्यांचे इनहेलर सोबत आणा, नवा डॉक्टर मिळायला वेळ लागतो.

आणि शेवटी तुम्ही विचारलंय, भारतातला फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा एकत्र मेडिक्लेम) बंद करू का. माझं मत, करू नका. आधीपासूनच्या आजारांसाठी तिकडे ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. बायकोच्या थायरॉइडचा आणि मुलाच्या दम्याचा तुमचा तो काळ भरत आला असेल, तर पॉलिसी मोडून परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागेल. विमाछत्र हवं तर कमी करा, पण नूतनीकरण चुकवू नका, आणि हप्ता ऑटो-डेबिटवर टाकून या.