तीन तासांचा माहितीपट का पाहावा?

ज्या घटनेच्या बातम्या आपण वाचलेल्या-ऐकलेल्या आहेत, तिच्यावरचा सुमारे तीन तासांचा माहितीपट पाहून आणखी काय हाती लागते, आणि सवय नसलेल्या माणसाने सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी मुख्यतः आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या एकाच चित्रपटाच्या आधारे देतो, कारण इतकी वर्षे माहितीपट पाहत आल्यावरही ते उत्तर मला तिथेच सर्वांत लख्ख दिसले.

११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, संतापलेले लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा बळी गेला. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतर चारच दिवसांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले. मुंबईतील झोपडपट्ट्या हटवण्याच्या मोहिमांवर पटवर्धनांनी १९८५ मध्ये केलेल्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात घोगरे गायले होते, म्हणजे दिग्दर्शकाच्या दृष्टीने गेलेला माणूस परका नव्हता. डाव्या चळवळीसाठी गाणी रचण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या या कवीने जाताना डोक्याला निळे फडके बांधले होते आणि आंबेडकरी एकजुटीचा जयजयकार लिहून ठेवला होता. लाल झेंड्याखाली गाणाऱ्या माणसाला अखेरच्या घडीला निळा रंग का आपला वाटला असेल? या प्रश्नाचा माग काढत पटवर्धन १४ वर्षे चित्रीकरण करत राहिले.

माझ्या मते या चित्रपटाचे सारे बळ त्या १४ वर्षांत आहे. गोळीबारात घरचे माणूस गमावलेल्यांना आपण पहिल्यांदा पाहतो तेव्हा त्यांचा आक्रोश आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण असे आक्रोश आपण बातम्यांत नेहमी पाहतो. पण तेच लोक काही वर्षांनी पुन्हा समोर येतात, खटला रेंगाळतो, गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये जन्मठेप होते आणि लवकरच त्याला जामीनही मिळतो, तेव्हा ताटकळणे म्हणजे काय, हे कोणी समजावून न सांगता प्रेक्षकाला उमगते. हे दोन मिनिटांच्या वृत्तान्तात बसत नाही, आणि ते न बसण्यात वार्ताहराचा काही दोष आहे असेही मला वाटत नाही. त्याच्या हाती तेवढा काळच नसतो.

दुसरी गोष्ट त्या चित्रपटातील आवाजांची. प्रश्न विचारणारे पटवर्धन कॅमेऱ्यामागून ऐकू येतात. त्यांचा स्वर चढत नाही, आणि समोरच्याचे बोलणे ते तोडत नाहीत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटणाऱ्या गर्दीबद्दल शिवाजी पार्क परिसरातील सुस्थितीतील माणसे बोलतात, तो भाग अवश्य लक्ष देऊन पाहावा. आपण काही वावगे बोलत आहोत असे त्यांना वाटतच नाही. शहराचा कचरा उपसणारे कामगारही याच चित्रपटात आहेत, त्यामुळे अस्वच्छतेची तक्रार ऐकताना तो कचरा कोणाच्या हातांनी उचलला जातो, हे प्रेक्षकाला विसरता येत नाही. निवेदकाने टिप्पणी केली असती तर त्या बोलण्याची धार बोथट झाली असती.

उत्तरार्धात पुण्याच्या कबीर कला मंचातील तरुण शाहीर येतात. हा भाग लांबला आहे, असे मत मी अनेकदा ऐकले आहे, पण ते मला पटत नाही. घोगरे यांना न सुटलेला लाल आणि निळ्याचा पेच ही मुले नव्याने अंगावर घेतात, आणि शीतल साठे गाऊ लागतात तेव्हा शाहिरीचा तो धागा तुटलेला नाही, हे कानांना थेट कळते. तो भाग कापला असता तर चित्रपट एका मृत्यूची नोंद होऊन थांबला असता.

आता सुरुवातीविषयी. माहितीपट म्हणजे कंटाळा, ही समजूत एका पिढीत चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवल्या जाणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या सरकारी पटांमुळे रुजली. पण त्याच संस्थेतून एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ हा १९६७ चा सुमारे २० मिनिटांचा पट आला. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुण-तरुणींना त्यात देशाविषयी मोकळेपणाने बोलू दिले आहे, आणि त्यातली काही उत्तरे आजही अस्वस्थ करतात. प्रथम तो पाहावा.

त्यानंतर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ पाहावा. २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट आपल्या महाराष्ट्रातल्या जत्रांमधील तंबू टॉकीजचा आहे. त्यातील प्रोजेक्टर दुरुस्त करणारे प्रकाश मला सर्वांत जवळचे वाटतात. रिळांचा जमाना सरत आलेला असतानाही स्वतःच्या कल्पनेने बनवलेल्या प्रोजेक्टरचे भाग ते ज्या असोशीने दाखवतात, ते पाहताना कारागिराची बुद्धी म्हणजे काय याची प्रचिती येते. दिग्दर्शकांनी या माणसांबरोबर वर्षे काढली आहेत, म्हणूनच कॅमेऱ्यासमोर ती अवघडलेली नाहीत.

‘जय भीम कॉम्रेड’ तिसरा ठेवावा आणि शक्यतो एकट्याने, तुकड्या-तुकड्यांनी मोबाइलवर पाहू नये. वस्त्यांमध्ये पडदा लावून त्याचे खेळ झाले आहेत. तसा एखादा जाहीर खेळ जवळपास होणार असेल तर तिथे जावे आणि चित्रपटानंतरच्या चर्चेलाही थांबावे. तसे न जमल्यास घरी चार-पाच जणांना बोलवावे आणि मध्ये न थांबता एका बैठकीत तो पूर्ण पाहावा.