पाठांतर दांडगं असूनही आडवळणी क्विझमध्ये अडकायला होतं. तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की स्पर्धा परीक्षांमुळे राजधान्या, कलमं, सनावळ्या तोंडपाठ आहेत. पण मित्रांबरोबर सिनेमा-क्रिकेट-जाहिरातींच्या क्विझला गेलात की नुसतं बसून राहता, आणि ज्याने जन्मात चालू घडामोडींचं पुस्तक उघडलं नाही तो धडाधड उत्तरं देतो. या दुखण्यातून मीही गेलोय, म्हणून लिहितो.

कॉलेजातल्या माझ्या पहिल्याच क्विझमध्ये प्रश्न आला: ‘फाळक्यांच्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके पुढे १९१७च्या लंका दहनमध्ये सीता झाले. या सीतेला सोडवायला येणाऱ्या रामाबद्दल काय विशेष सांगाल?’ आता राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ला मुंबईत कोरोनेशनमध्ये लागला, हे मला पाठ. बायका कामाला तयार होईनात म्हणून फाळक्यांनी ग्रँट रोडच्या खाणावळीतला माणूस गाठला, हेही पाठ. रामाचं काम कोणी केलं ते मात्र कुठे वाचलेलं नव्हतं, म्हणून मी सरळ ‘पास’ म्हणून टाकलं. माझी पार्टनर, जिला फाळके म्हणजे एक पुरस्कार एवढंच माहीत, ती पुटपुटली, ‘अरे, तोच असणार. दुसरा कोणी असता तर विचारलं कशाला असतं?’

तोच होता. राम आणि सीता, दोन्ही साळुंके.

परीक्षेचा प्रश्न तुम्हाला गाळायला काढलेला असतो. चांगल्या क्विझचा प्रश्न तुम्हाला उत्तर यावं म्हणून काढलेला असतो, फक्त जरा घाम गाळून. सभागृहात कोणालाच उत्तर आलं नाही तर फजिती क्विझमास्टरची होते, तुमची नाही. म्हणून तो प्रश्नातच वाट ठेवतो. तुम्ही ती वाट सोडून डोक्यातलं कपाट उचकत बसता, आणि कपाटात नसलं की संपलं.

माझा आवडता नमुना देतो. ‘मुंबईच्या कीर्ती कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या एका कवीने १९७३ साली धाकट्या मुलाचं नाव आपल्या आवडत्या संगीतकारावरून ठेवलं. त्यांना मदन मोहन अधिक आवडत असते, तर पुढे स्टेडियममध्ये कोणती आरोळी घुमली असती?’ कीर्ती कॉलेजवर अडकलात तर गेलात. तो नुसता भरणा आहे (खरा आहे, पण भरणाच). शेवटाकडून या. स्टेडियममध्ये आख्खं पब्लिक एका माणसाच्या नावाने ओरडतं, तो मुंबईचा आहे, मराठी घरातला आहे, १९७३चा आहे. असे किती निघतील? सचिन देव बर्मन आपोआप हाती लागतात, आणि आरोळी अर्थातच ‘मदऽऽन, मदन!’ रमेश तेंडुलकरांची एकही कविता न वाचता हे सुटतं. क्विझवाले याला ‘वर्कआउट’ होणारा प्रश्न म्हणतात, आणि त्यामागच्या युक्तीला फंडा. नुसतं ‘सचिनचं नाव कोणावरून ठेवलं?’ विचारलं असतं तर ज्याला माहीत त्याला माहीत, बाकीच्यांनी चहा प्यावा. करोडपतीतले प्रश्न बरेचसे या जातीचे, फक्त खाली चार पर्याय असतात.

एक गंमत सांगतो. ‘लॅटरल थिंकिंग’, म्हणजे सरळ वाट सोडून आडवळणाने विचार करणं, हा शब्द माल्टाच्या एडवर्ड डी बोनो या डॉक्टरने १९६७मध्ये रूढ केला, आणि आपल्याकडची पहिली खुली क्विझ क्विझमास्टर नील ओब्रायन यांनी कोलकात्यात घेतली तीही १९६७मध्येच. योगायोगच, पण मला आवडतो.

दुसरा प्रकार कनेक्टचा: वेगवेगळ्या गोष्टींमधला धागा ओळखायचा. बीबीसीवर २००८पासून चालणारा ओन्ली कनेक्ट हा कार्यक्रम याचं विद्यापीठ आहे. त्यात सोळा शब्दांची भिंत असते, अडीच मिनिटांत चारचे चार गट पाडायचे. मराठीत आम्ही घरी आठ शब्दांची करतो. ही घ्या:

सचिन, अजय, शंकर, अशोक, कल्याणजी, लक्ष्मीकांत, नदीम, सिद्धार्थ

संगीतकार जोड्यांमधले पहिले शोधायला लागलात तर अजय, शंकर, कल्याणजी, लक्ष्मीकांत, नदीम असे पाच तरी निघतात. हवेत चार. इथे हटवादी माणूस मरतो, कारण लक्ष्मीकांत म्हटलं की प्यारेलाल त्याच्या जिभेवर तयारच असतो. उरलेल्या तिघांकडे बघा: सचिन, अशोक, सिद्धार्थ. यांना चौथा कोण लागतो, हे १९८८ सालानंतर मराठी माणसाला सांगावं लागू नये. अशी ही बनवाबनवीतले चार भाडेकरू पुरे झाले, लक्ष्मीकांत तिकडे गेला, गाडी सुटली. जो शब्द दोन्हीकडे बसतो त्याला आधी हातच लावायचा नाही, ही सवय मला या खेळाने लावली.

तयारीचं म्हणाल तर प्रश्नसंच घोकू नका. सिनेमा संपल्यावर श्रेयनामावली बघत बसा, दुकानाचं नाव असं का म्हणून गल्ल्यावरच्या माणसाला विचारा. आणि सगळ्यात मुख्य, आठवड्याला दोन प्रश्न स्वतः काढून मित्रांना घाला. पहिले काही भिकार होतात, माझे तर फारच झाले. पण कुठला शब्द ठेवला की प्रश्न फुटतो आणि कुठला काढला की कोणालाच सुटत नाही, हे दहा-बारा प्रश्नांत कळायला लागतं. मग दुसऱ्याच्या प्रश्नात त्याने वाट कुठे ठेवली असेल ते दिसतं.

पुण्यात असाल तर बोट क्लब क्विझ क्लब आणि बंगळुरात असाल तर १९८३पासूनची कर्नाटक क्विझ असोसिएशन, दोन्हीकडे नवख्याने मागच्या बाकावर बसून सुरुवात करायला हरकत नाही. ‘पाउन्स’पासून तेवढं सांभाळा. प्रश्न दुसऱ्या संघाकडे असताना चिठ्ठीवर उत्तर लिहून आधीच देता येतं, बरोबर आलं तर गुण, चुकलं तर बहुतेक ठिकाणी वजा. सुरुवातीला सगळेच उतावळेपणाने वजात जातात.

ओन्ली कनेक्टच्या शेवटच्या फेरीत शब्दांमधले स्वर काढून अक्षरं भलतीकडे तोडलेली असतात. तीच युक्ती मराठीत काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार उडवून करता येते. विषय नाश्ता. वाचा बघू: सब दणख चड. थल पठ. कथ बरव ड.

शेवटचा माझ्या आईला सगळ्यात आधी सुटला, आणि ती क्विझला कधीच गेलेली नाही.