ठाणे जिल्ह्यात खेडी आहेत का? शहापूरवाल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय की घोडबंदर रोडला राहायला येऊन सहा महिने झाले, ऑफिसात कुणीतरी म्हणालं ठाणे जिल्ह्याचा बराच भाग ग्रामीण आणि आदिवासी आहे, पण मला तर टॉवर आणि ट्रॅफिकच दिसतं, मग हा भाग आहे कुठे आणि तिथे राहतं कोण? मी राहायला कळव्याला, पण गाव शहापूर तालुक्यातलं, त्यामुळे राहवलं नाही.

आधी एक घोळ निस्तरतो. इंटरनेटवर ठाणे जिल्हा शोधलात तर जव्हारचा राजवाडा, डहाणूचे चिकू, वारली चित्रं असं सगळं येईल. ते आता पालघर जिल्ह्यात. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा तोडला, त्याआधी पंधरा तालुके होते आणि २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाख लोक, म्हणजे देशात सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा आपलाच होता. आता सातच तालुके उरलेत. त्यातले ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ म्हणजे शहरंच धरा (गावं आहेत त्यातही, पण किती दिवस टिकतील देव जाणे), भिवंडी अर्धी यंत्रमाग-गोदामं अर्धी भातशेती, आणि खरा ग्रामीण म्हणाल तर शहापूर आणि मुरबाड.

बघायचं असेल तर कसारा लोकल पकडा. कल्याणला लाइन फुटते, एक कर्जतकडे एक कसाऱ्याकडे, टिटवाळा गेलं की डब्यातली गर्दी आणि बाहेरच्या बिल्डिंगी दोन्ही कमी व्हायला लागतात, आणि आसनगावला उतरलात की समोर माहुलीचा डोंगर, त्याचे नवरा-नवरी, भटजी असे सुळके. लग्नाचं वऱ्हाडच उभं आहे म्हणतात तिथे. ह्याच गडावर १६३६ मध्ये शहाजीराजांना वेढा पडला आणि निजामशाही वाचवायची त्यांची धडपड संपली. शाळेत आम्हाला हे दोन ओळीत उरकलं, गड रोज खिडकीतून दिसायचा तरी.

आता मला जे सांगायचंय ते. आमचा भाग पहिल्यापासून वाटेवरचा आहे. सह्याद्रीवरून खाली कोकणात उतरायच्या वाटा इथेच. सातवाहनांच्या काळात, म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वी, जुन्नरचा माल नाणेघाटातून खाली मुरबाडच्या बाजूला वैशाखऱ्याला उतरायचा आणि तिथून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदराला जायचा. घाटाच्या तोंडाशी गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण पण. मग १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे गेली. मग मुंबईला जाणाऱ्या विजेच्या तारा. ह्या तारांचे मनोरे १९४२ च्या चळवळीत क्रांतिकारक भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने, म्हणजे त्यांच्या भूमिगत गटाने, पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला ते आणि हिराजी पाटील मुरबाडमधल्या सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. अजून दर २ जानेवारीला लोक तिथे जातात. आणि आता समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, कसारा-शहापूरवरून येऊन भिवंडीच्या आमण्याला संपतो. सगळं आमच्या दारावरून जातं. मुरबाडला मात्र अजून साधी रेल्वे नाही, पिढ्यानपिढ्या निवडणुकीत फक्त आश्वासन येतं.

सगळ्यात जास्त जातं ते पाणी. मुंबईला सात तलावांतून पाणी मिळतं, त्यात विहार आणि तुळशी मुंबईतले, बाकी पाच मोठे सगळे आमच्या ह्याच पट्ट्यातले नाहीतर लागूनचे. तानसा तर १८९२ चं. एकट्या भातसा धरणाचा साठा ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, सातही तलावांच्या मिळून साठ्याच्या जवळजवळ निम्मा. गंमत म्हणजे भातसाहून मुंबईला थेट पाइप निघतच नाही, पाणी नदीत सोडतात, ते वाहत भिवंडी तालुक्यात पिसे गावच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उपसून पांजरापूरला शुद्ध करून पुढे. तुमच्या ठाण्याची स्वतःची योजना पण ह्या पिसे बंधाऱ्यावरूनच पाणी उचलते, म्हणजे तुम्ही सकाळी अंघोळ केलीत ती बहुतेक आमच्याकडच्या पाण्याने. हरकत नाही, करा. पण माझ्या आत्याच्या पाड्यावर एप्रिलपासून टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावून ठेवतात आणि तिच्या ओट्यावरून धरणाचं पाणी चमकताना दिसतं, हे काही डोक्यातून जात नाही. पाऊस कमी आहे असं पण नाही, धो धो पडतो, पण खाली काळा कातळ, पाणी मुरत नाही, वाहून जातं. आणि पाडे वर डोंगरावर, धरण खाली.

लोक कोण म्हणाल तर कुणबी, आगरी आणि मग आदिवासी: ठाकर, महादेव कोळी, मल्हार कोळी, वारली, कातकरी. सरसकट "आदिवासी" म्हणू नका, ठाकराला कातकरी म्हटलंत तर आवडत नाही. महादेव कोळी शेतीवाले, त्यांच्यातल्या मुकणे घराण्याचं तर जव्हारला राज्यच होतं, १९४८ पर्यंत. कातकरी खैरापासून कात काढायचे म्हणून कातकरी, जंगल कायद्यांनी ते काम गेलं, जमीन बहुतेकांकडे नव्हतीच, त्यामुळे सगळ्यात हाल त्यांचे. दिवाळी झाली की मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतात आणि अख्खं कुटुंब भिवंडी-कल्याणच्या वीटभट्टीवर, पोरांची शाळा तिथेच सुटते. उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी परत तोच मालक. तुमचा टॉवर कुठल्या विटेचा आहे मला माहीत नाही.

शेती म्हणाल तर खाचरात भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नागली-वरई, उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, पाऊस स्थिरावला की आवणी, म्हणजे तुमच्याकडची लावणी. एक पीक, मग रिकामे हात. दिवाळीच्या आधी वाघबारशीला वाघदेवाला नारळ, कोंबडं. वाघ आता दिसत नाही, बिबट्या दिसतो, देव तोच चालवून घेतो. मुरबाडला पौष पौर्णिमेला म्हसा यात्रा भरते, गुरांचा मोठा बाजार, ती चुकवू नका.

आणि एवढं लांब जायचं नसेल तर जूनमध्ये पहिल्या पावसानंतर ठाणे स्टेशनबाहेर सकाळी लवकर जा. जांभळट रंगाच्या काड्यांसारखी भाजी जुड्या बांधून घेऊन बसलेल्या बायका दिसतील, ती शेवळं, त्या कसारा लोकलनेच आलेल्या असतात. विचारा कुठल्या गावच्या म्हणून, मोकळेपणाने बोलतात. फक्त शेवळं घेतलीत तर सोबत काकडं, म्हणजे छोटी आंबट फळं, पण मागून घ्या, ती न घालता भाजी केलीत तर घसा असा खवखवेल की मला शिव्या द्याल.