मॅटचं नंतर बघा, आधी पोच घ्या

सर, तुमची पोस्ट वाचून थोडा वेळ तशीच बसून राहिले. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं मराठी हायस्कूल, पीटी मास्तरांची जागा रिकामी, विज्ञानाबरोबर खेळही तुमच्याच गळ्यात, आणि यंदा पहिल्यांदाच मुलींची कबड्डी आणि खो-खोची टीम. तुम्ही विचारलंय, मॅट कुठली घ्यावी आणि जर्सी कुठं शिवाव्यात. मी गणिताची बाई. माझ्याही गळ्यात हेच पडलं होतं आणि मीही जर्सीपासूनच सुरुवात केली होती. लाल की भगवा, यावर स्टाफरूममध्ये दोन दिवस गेले.

सराव कसा घ्यायचा यात शिरत नाही, ते तुम्हाला जमेल. एवढंच सांगते, पोरांच्या मैदानावर मुलींना तयार करू नका. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, बायकांचं १२ बाय ८. त्यातही दोन्ही बाजूंची एकेक मीटर लॉबी, म्हणजे कडेची पट्टी, झटापट झाल्याशिवाय तिथं पाय पडला की बाद. आमच्या मुली रुंद मैदानावर वळसा घेऊन चढाई करायला शिकल्या आणि मग अरुंद मैदानावर आपणहून बाहेर जाऊ लागल्या. यंदा तुमच्या गटाला कुठलं माप आहे ते परिपत्रकात बघून घ्या. मॅटचा खर्च पहिल्या वर्षी करूच नका, असं माझं मत. माती बरी.

आता खरं दुखणं. तालुक्याच्या स्पर्धेचा प्रवेश अर्ज मी स्वतः घेऊन एका ऑफिसात गेले. कुठलं ते लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथंच आहेत. टेबलावरच्या माणसानं अर्ज घेतला, गठ्ठ्याखाली सरकवला आणि म्हणाला, "आयतु, होगी." झालं, जा. मी आले. पोच मागितली नाही. मागितली तर माणसाला राग येईल, असं वाटलं. आयुष्यात एवढा महाग पडलेला संकोच दुसरा नाही.

बारापैकी दोन मुलींची नावं जुळत नव्हती. शाळेच्या रजिस्टरात एक, आधारवर दुसरं, सॅट्सवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीत, तिसरंच. मराठी नाव कन्नडमध्ये टाइप करताना ल चा ळ झालेला, आडनाव पुढं आलेलं. दोन नावांसाठी त्यांनी अख्खा अर्ज बाजूला ठेवला आणि शाळेला कळवलं नाही. मला शंका आली म्हणून चार वेळा खेटे घातले. प्रत्येक वेळी एकच उत्तर : "साहेबरु इल्ला, नाळे बन्नी." साहेब नाहीत, उद्या या. ते नाळे काही उजाडलं नाही. चौथ्या खेपेला मी भांडले, तेही चुकीच्या गोष्टीवर. अर्ज मराठीत का चालत नाही, यावर!

स्पर्धेच्या दिवशी मुलींना घेऊन तालुक्याला पोचलो. पाऊस धो धो. ड्रॉच्या कागदावर आमच्या शाळेचं नावच नाही. पंच म्हणाले, आमच्याकडे यादी आली नाही, आम्ही काय करणार? त्यांचंही बरोबरच. दहावीतल्या एका मुलीनं नवे कॅनव्हासचे बूट भिजू नयेत म्हणून कॅरीबॅगमध्ये गुंडाळून, छातीशी धरून आणले होते. स्वतः अनवाणी चिखलातून आली होती. ती पिशवी तिनं उघडलीच नाही, तशीच परत नेली. त्या टीममध्ये चौघी दहावीच्या होत्या. पुढच्या वर्षी आम्ही खेळलो, तेव्हा त्या चौघी शाळेत नव्हत्या.

म्हणून सांगते, शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात रजिस्टर, आधार आणि सॅट्स तिन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. अर्ज दोन प्रतींत न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आणि अर्ज कन्नडमध्येच भरा. आता इथले काहीजण माझ्यावर तुटून पडतील, ठाऊक आहे. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेतही मिळायला हवेत, हे मलाही पाठ आहे आणि त्यासाठीच्या मोर्चात मीही चालले आहे. पण ती लढाई मोठ्यांनी लढावी, पोरींच्या अर्जावर नको. पटत नसेल तर सोडून द्या.

कन्नडवरून आठवलं. मुलींना छातीवरचे नंबर कन्नडमधून ओळखायला लावा. आमची सात नंबरची पोरगी पकडीत आडवी झाली होती, पंच ओरडले, "एळू, औट!" कन्नडमध्ये एळू म्हणजे सात, आणि एळू म्हणजे ऊठही. गोंगाटात तिला पुढचं ऐकूच आलं नाही. ती उठली, अंग झाडलं आणि पुन्हा साखळीत जाऊन उभी राहिली. पंचांना वाटलं मुद्दाम करतेय.

घरच्यांचं म्हणाल तर जुलैत रोप लागवडीला निम्म्या मुली शेतात असतात, त्यावर इलाज नाही, सराव सकाळी शाळेआधी ठेवा. हाफ पँटवर अडून बसू नका, ट्रॅक पँट द्या. आमच्याकडे एक आजोबा थेट ऑफिसात आले, "पोरगी चड्डी घालून खेळूलालीय, गावात तोंड कुठं दाखवू?" जुने पैलवान. मी त्यांना बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवचं सांगितलं, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये तिनं कुराशमध्ये ब्राँझ आणलं. कुराश म्हणजे काय, म्हणाले. जॅकेट धरून उभ्या उभ्या उचलून आपटायचं, म्हटलं. "मग आमचंच की ते!" दुसऱ्या दिवसापासून स्वतः नातीला सोडायला येऊ लागले. सगळ्यांकडे पैलवान आजोबा नसतात, हे खरं.

मी आता त्या शाळेत नाही, नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा माझं म्हणणं परिपत्रकाशी ताडून घ्या. अर्जाचा कन्नड मसुदा माझ्याकडे आहे, हवा तर सांगा, पाठवते.

आणि प्रवासाला मुलींची आधार कार्डं बरोबर असू द्या. बायका-मुलींसाठीच्या शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या सरकारी बसला त्यांना झिरो तिकीट, म्हणजे फुकट प्रवास मिळतो, आमच्या वेळी ते नव्हतं, वर्गणी काढावी लागायची. तुमचं तिकीट मात्र तुम्हालाच काढावं लागेल, सर.