‘ब्रिज टू तेराबिथिया’ हा चित्रपट मुलांना दाखवावा का? त्यावर पालकांच्या प्रतिक्रिया इतक्या टोकाच्या का असतात?

आपण लिहिले आहे की आपली मुलगी नऊ वर्षांची आहे आणि सुट्टीत तिच्याबरोबर हा चित्रपट पाहण्याचा आपला विचार आहे. पण तो पाहिलेले काही लोक त्याला डोक्यावर घेतात आणि काही जण ‘आमची फसवणूक झाली, मूल रात्रभर रडले’ असे लिहितात, तेव्हा विश्वास कोणावर ठेवावा, हे आपल्याला कळत नाही. माझे उत्तर असे आहे की चित्रपट अवश्य दाखवावा. मात्र त्याचा शेवट काय आहे हे आपण स्वतः आधी जाणून घ्यावे, आणि म्हणून मी तो खाली उघडपणे सांगणार आहे. तो झाकून ठेवून या प्रश्नावर काहीच बोलता येत नाही.

फसवणुकीची तक्रार करणाऱ्यांची बाजू आधी मांडते, कारण ती अगदीच निराधार नाही. हा चित्रपट फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. वॉल्डन मीडिया आणि डिस्ने याच कंपन्यांनी २००५ च्या अखेरीस नार्निया या अद्भुत राज्याच्या कथामालेतला पहिला चित्रपट आणला होता आणि तो जगभर चालला होता. त्यामुळे या नव्या चित्रपटाची जाहिरातही त्याच वळणाने केली गेली. झाडांएवढा अजस्र जीव, आकाशातून झेपावणारी श्वापदे, अद्भुत राज्यात हिंडणारी दोन मुले, असे सगळे झलकेत ठासून भरले होते. प्रत्यक्षात जेमतेम दीड तासाच्या या चित्रपटात अशी दृश्ये फार थोडी आहेत. गोष्ट आहे ती खेड्यात राहणाऱ्या जेस नावाच्या मुलाची. घरची ओढाताण, चार बहिणी, चित्रकलेचे वेड आणि ते वेड घरात कोणाला दाखवण्याची चोरी, अशा परिस्थितीत त्याच्या शेजारी लेस्ली नावाची मुलगी राहायला येते. दोघे दोराला लोंबकळून ओढा ओलांडतात आणि पलीकडच्या रानात तेराबिथिया नावाचे काल्पनिक राज्य वसवतात. एके दिवशी जेस आपल्या संगीताच्या बाईंबरोबर शहरातले संग्रहालय पाहायला जातो. त्याच दिवशी लेस्ली एकटीच ओढ्यावर जाते, दोर तुटतो आणि ती बुडून मरते. तिचा मृत्यू पडद्यावर दाखवलेला नाही. जेस दिवसभराच्या आनंदात घरी परततो आणि दारातच त्याला ही बातमी कळते. प्रेक्षकालाही ती त्याच क्षणी कळते.

झलक पाहून लहान मुलांना घेऊन गेलेल्या आईवडिलांना काय वाटले असेल, हे मी समजू शकते. चित्रपट करणाऱ्यांनीही पुढे त्या जाहिरातीपासून स्वतःला दूर ठेवले. परंतु जाहिरातीचा राग चित्रपटावर काढणे मला मान्य नाही, आणि ‘मुलांच्या चित्रपटात मुलीला मारण्याची गरजच काय होती’ हा आक्षेप तर अजिबात मान्य नाही. ही गोष्ट प्रेक्षकांना रडवण्यासाठी रचलेली नाही. १९७४ साली लेखिका कॅथरिन पॅटरसन यांचा मुलगा डेव्हिड आठ वर्षांचा होता, तेव्हा त्याची जिवलग मैत्रीण अंगावर वीज पडून गेली. मुलाला काय सांगावे आणि आपणच हे कसे समजून घ्यावे, या विवंचनेतून त्यांनी याच नावाची कादंबरी लिहिली. ती १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९७८ मध्ये तिला अमेरिकेतले बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळाले. पुढे तीस वर्षांनी चित्रपट निघाला, तेव्हा त्याच्या पटकथाकारांपैकी आणि निर्मात्यांपैकी एक होता तोच डेव्हिड. ज्याच्या बालपणातून ती मुलगी अशी अचानक गेली, त्याने स्वतः बसून तो प्रसंग पडद्यासाठी लिहिला आहे, हे ध्यानात घेऊन मग त्यावर शेरे मारावेत. अर्थात विरोध चित्रपटापासून सुरू झाला असेही नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत ज्या पुस्तकांवर सर्वाधिक हरकती घेतल्या गेल्या, त्यांच्या तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या यादीत ही कादंबरी पहिल्या दहांत होती.

आता मी या प्रश्नावर इतके लिहिण्याचे कारण सांगते. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझ्या माहेरी, कऱ्हाडला, आम्हा भावंडांची सगळी मुले जमली होती. दुपारच्या उन्हात बाहेर सोडता येत नव्हते, म्हणून मी टीव्हीला लॅपटॉप जोडून त्यांना हा चित्रपट दाखवला. मी तो आधी पाहिलेला होता आणि जाणूनबुजून निवडला होता. बातमी कळण्याचा प्रसंग आला आणि खोलीतली कुजबुज थांबली. दादाची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘आत्या, ती नंतर परत येते ना?’’ मी म्हणाले, ‘‘नाही गं, येत नाही.’’ त्यावर ती रडू लागली आणि संपेपर्यंत रडत राहिली, पण बंद कर असे मात्र तिने एकदाही म्हटले नाही. रात्री पानात आवडीचा आमरस असूनही तिने दोन घास खाऊन ताट सारले. वहिनी मला म्हणाली, ‘‘वन्सं, सुट्टीत मुलांना असलं काही दाखवायची काय गरज होती?’’ दादा त्याहून शांतपणे म्हणाला, ‘‘मुलांना हे जितकं उशिरा कळेल तितकं बरं.’’

त्याच रात्री गच्चीवर अंथरुणे घातल्यावर भाचीने मला जे विचारले, ते मी कधी विसरणार नाही. जेसने लेस्लीला संग्रहालयात बरोबर नेले असते तर ती वाचली असती का? मग चूक जेसची का? त्याला आता आयुष्यभर तसेच वाटत राहील का? दहा वर्षांच्या मुलीने चित्रपटाच्या थेट गाभ्याला हात घातला होता, कारण जेसच्या दुःखाचा सगळ्यात कठीण भाग तोच आहे. लेस्लीलाही बोलवावे असे बाईंना सुचवता आले असते, पण त्याने सुचवले नाही. आम्ही दोघी बराच वेळ बोललो. तिला झोप लागली ती तिचे सगळे प्रश्न विचारून झाल्यावर. सकाळी ती नेहमीसारखी खेळायला गेली. वहिनीने पाहिले ते फक्त सारलेले ताट.

दादाचे ते वाक्य मला इतके झोंबले, त्याला कारण आहे. मी चौथीत असताना शैला नावाची माझी मैत्रीण सुट्टीत आजोळी गेली आणि तिथे विहिरीत पोहताना बुडाली. आमचे आणि तिचे घर एकाच बोळात होते. मला घरी सांगण्यात आले की शैला आता आजोळीच राहून शिकणार आहे. मी तिला अंतर्देशीय पत्र लिहिले. आईने ते नीट घडी घालून चिकटवून दिले आणि बाबा म्हणाले, ‘‘आण इकडे, मी टाकतो पेटीत.’’ शैलाची आई मला पाहिले की आत निघून जाई, आणि माझ्याकडून काही आगळीक झाली असावी असे मी समजत होते. जूनमध्ये शाळा उघडली. हजेरीत माझ्या नावानंतर शैलाचे नाव येत असे. बाईंनी माझे नाव घेतले, किंचित थांबल्या आणि पुढचे नाव घेतले. मी मागे वळून पाहिले, तर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘ती वारली ना, तुला माहीत नाही?’’ वर्गात बहुतेक सगळ्यांना माहीत होते.

मी घरी जाऊन काही विचारले नाही. विचारले असते तर मोठ्यांना खोटे कबूल करावे लागले असते, आणि त्या वयातही मला ते नको होते. त्यामुळे रडायचे ते मी एकटीने, न्हाणीघरात पाणी सोडून रडले. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याला पहिल्या दिवसापासून सगळे ठाऊक होते. तो आजही म्हणतो की मोठ्यांनी तुला जपले. मी म्हणते की त्यांनी मला एकटे टाकले. आईबाबांच्या मायेबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण ती माया त्यांनी ज्या रीतीने दाखवली, ती रीत चुकीची होती, आणि हे मी दादाला आजवर पटवू शकलेले नाही.

म्हणूनच कादंबरीतला आणि चित्रपटातही असलेला एक प्रसंग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. वर्गातल्या मायर्सबाई खाष्ट, मुलांच्या नावडत्या. लेस्ली गेल्यावर त्या जेसला वर्गाबाहेर बोलावतात. त्याला वाटते, आता बोलणी खावी लागणार. पण बाईंचेच डोळे भरून येतात. आपला नवरा गेला तेव्हा लोक आपल्याला रडू नकोस, विसरून जा असे सांगत होते, पण आपल्याला विसरायचे नव्हते, असे त्या त्या लहान मुलापाशी बोलतात. मायर्सबाईंनी जेसला दिले, तेवढे एक वाक्य आमच्या हजेरी घेणाऱ्या बाईंनी मला दिले असते, तर माझे ते वर्ष वेगळे गेले असते. चित्रपटातला दुसरा प्रसंग जेसच्या वडिलांचा आहे. घरातल्या धार्मिक शिकवणुकीमुळे, लेस्लीसारखी, देवावर विश्वास नसलेली मुले नरकात जातात की काय, ही भीती जेसच्या मनात बसलेली असते. एरवी त्याच्याशी तुटक वागणारे वडील त्याला कवेत घेतात आणि देव अशा मुलीला नरकात धाडणार नाही, असे ठामपणे सांगतात. नाराज प्रेक्षकांच्या लिखाणात या दोन्ही प्रसंगांचा उल्लेख मला क्वचितच आढळतो. मृत्यूच्या धक्क्यापाशीच ते थांबलेले असतात, आणि त्यानंतर मुलाला सावरणाऱ्या माणसांकडे त्यांचे लक्षच गेलेले नसते.

आपल्याकडच्या लोकांनी तरी ‘मुलांना मृत्यू दाखवू नये’ असे म्हणू नये. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वरून चित्रपट केला आणि १९५४ मध्ये, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यात आई मरते, आणि मुलगा वेळेवर पोहोचत नाही. माझी आजी तो चित्रपट मुलांना मुद्दाम बरोबर नेऊन पाहून आली होती आणि ‘‘पोटभर रडलो’’ असे समाधानाने सांगत असे. तो पाहून कोणी फसवणूक झाल्याची ओरड केली नाही, कारण पुस्तक घरोघरी वाचलेले होते आणि पुढे काय होणार हे आईवडिलांना ठाऊक होते. आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर मला येथे दिसते. ‘तेराबिथिया’वर चिडलेल्या पालकांपैकी बहुतेकांनी मूळ कादंबरी वाचलेली नव्हती. पडद्यावर बातमी आली तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाला काय सांगावे, याची त्यांची तयारी नव्हती. कादंबरी वाचून गेलेल्यांच्या तक्रारी वेगळ्या असतात, आणि त्यांतली एक मलाही पटते. शेवटी जेस ओढ्यावर फळ्यांचा पूल बांधून धाकट्या बहिणीला, मेबेलला, राज्यात घेऊन जातो, त्या प्रसंगात संगणकाच्या करामतीची जी आतषबाजी केली आहे, ती अनावश्यक आहे. पुस्तकात तो प्रसंग साधा आहे आणि म्हणून अधिक भिडतो.

आपल्या मुलीबाबत सांगायचे तर नऊ हे वय योग्य आहे. चित्रपट लावून देऊन स्वयंपाकघरात जाऊ नये. शेजारी बसून पाहावा. ‘ती खरंच मेली का’ असे विचारले तर हो म्हणावे. ‘असं खरंच घडतं का’ असे विचारले तर डेव्हिडची हकिकत सांगावी. ती रडली तर रडू द्यावे, आणि लगेच दुसरे काही गमतीचे लावून तिचे मन वळवू नये. संध्याकाळचा वेळ मोकळा ठेवावा, कारण खरे प्रश्न रात्री येतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. घरात किंवा तिच्या वर्गात अलीकडेच कोणाचा मृत्यू झाला असेल, तर हा चित्रपट काही महिने बाजूला ठेवावा आणि आधी त्या माणसाविषयी तिच्याशी बोलावे. सहा-सात वर्षांचे धाकटे भावंड असेल तर त्याला या वेळी दुसरीकडे खेळायला पाठवावे. पाण्याची किंवा एकटे राहण्याची भीती असलेल्या मुलांच्या बाबतीत निर्णय आईवडिलांनीच घ्यावा; अशा मुलांचा मला अनुभव नाही.

आणि घरातले कोणी ‘‘कशाला उगाच, कळेल तेव्हा कळेल’’ असे म्हणाले, तर मुलीला नक्की कोणाकडून कळावे असे त्यांना वाटते, हे त्यांना विचारावे. मी दादाला हाच प्रश्न विचारला आहे. त्याने अजून उत्तर दिलेले नाही आणि चित्रपटही शेवटपर्यंत पाहिलेला नाही.