आवडतो म्हणून परक्या संस्कृतीचा पारंपरिक पोशाख घातला, तर तो त्या लोकांचा अपमान होतो का?

घाला की! फक्त तो कसा आणि कधी घालतात, हे आधी कुणा माहितगाराला विचारून घ्या. माझी फजिती झाली, म्हणून सांगतेय.

एका जपानी कुटुंबाकडे मी हौसेने युकाता घातला. युकाता म्हणजे उन्हाळ्यात घालायचा सुती किमोनो. मला पाहून घरातल्या आजी दचकल्याच. काही न बोलता त्यांनी तो सोडला आणि पुन्हा नीट घालून दिला. मी उजवी बाजू वर घेतली होती. बाई असो वा पुरुष, किमोनोची डावी बाजू वर येते. उजवी वर घेतात ती फक्त मृतदेहाला कपडे घालताना. आजी रागावल्या मात्र नाहीत. उलट पुढचा अर्धा तास मला ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा, बांधायला शिकवत बसल्या.

पण सगळेच पोशाख असे हौसेने घालण्यातले नसतात. उत्तर अमेरिकेतल्या लाकोटांसारख्या मूळ निवासी समाजांत गरुडपिसांचा शिरपेच पराक्रमाने आणि समाजाने दिलेल्या मानाने मिळतो. तो पार्टीत मिरवणं म्हणजे लढाईचं तोंड न पाहता छातीवर शौर्यपदक लावणं. तिथे 'मला आवडतो' हे कारण पुरत नाही.

2015 मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मोनेच्या किमोनोधारी स्त्रीच्या चित्रासमोर प्रेक्षकांना तसाच किमोनो घालून पाहू देत. आशियाई वंशाच्या काही अमेरिकनांनी निदर्शनं केली. त्यांना उत्तर म्हणून काही जपानी लोक किमोनो घालूनच आले! शेवटी संग्रहालयाने घालणं बंद केलं, किमोनो नुसते हाताळायला ठेवले. मला आधी निदर्शकांचा त्रागा अतिरेकी वाटला होता. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना छावण्यांत डांबलं होतं. जिथे जपानी दिसणंच गुन्हा ठरलं, तिथे इतरांनी किमोनो गंमत म्हणून चढवलेला टोचणारच. जपानमधल्या माणसाला तो सल नाही.

तेव्हा त्या समाजातल्या कुणी बोलावलं असेल, तर निःशंक घाला. विकत घेणार असाल, तर विणणाऱ्यांकडून घ्या. वेषांतराच्या दुकानातला छापील नमुना नको.

ओबी मला अजून एकटीने बांधता येत नाही.