हेवीवेटमधला सर्वश्रेष्ठ कोण? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या तालमीच्या कट्ट्यावर सध्या कुस्तीपेक्षा बॉक्सिंगचाच वाद अधिक रंगतो. वडिलांच्या मते एकही लढत न हरलेला रॉकी मार्सियानो हाच हेवीवेट गटातील सार्वकालिक सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा. धाकटा भाऊ म्हणतो की माइक टायसनपुढे कोणीच टिकले नसते. मी मुहम्मद अलीचा पक्ष घेतो, पण तो पाच लढती हरला होता, हे ऐकवले की मला उत्तर सुचत नाही. आपण निकाल द्यावा.
— एक वाचक, गंगावेश, कोल्हापूर

उत्तर : आपल्या कट्ट्यावर दोन वेगळ्या प्रश्नांची सरमिसळ झालेली दिसते. दोघेही ऐन भरात असताना समोरासमोर आले असते तर कोण जिंकला असता, हा एक प्रश्न. आणि कोणाची कारकीर्द सर्वांत थोर, हा दुसरा. पहिल्याला उत्तरच नाही, त्यामुळे तो वाद वर्षानुवर्षे चालू शकतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र नोंदी तपासून देता येते, आणि त्याची रीत कोल्हापूरकरांना नव्याने शिकवावी लागत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात पैलवानाचे नाव झाले ते त्याने मारलेल्या कुस्त्यांच्या संख्येपेक्षा त्याची जोड कोणाशी लागली आणि ती निकाली झाली की बरोबरीत सुटली, यावर.

ही फूटपट्टी आधी मार्सियानोला लावू. ४९ लढती, ४९ विजय आणि त्यांतील ४३ नॉकआउट, हा हिशेब कोणालाही नाकारता येणार नाही. १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध पहिल्याच फेरीत खाली पडून, गुणांवर मागे असताना तेराव्या फेरीत त्याने एका ठोशात अजिंक्यपद मिळवले. ती लढत कोणत्याही यादीत वरच लागेल. परंतु त्या वेळी वॉलकॉटचे वय ३८ होते. त्याआधी १९५१ मध्ये मार्सियानोने ज्या जो लुईला हरवले, तो ३७ वर्षांचा आणि उतरणीला लागलेला होता. एझर्ड चार्ल्स आणि आर्ची मूर हे दोघेही मुळात खालच्या वजनगटात घडलेले बॉक्सर. त्यात मार्सियानोचा दोष नाही, कारण समोर जे होते त्या सर्वांना त्याने हरवले आणि १९५६ मध्ये तो निवृत्त झाला. मात्र पराभवाच्या रकान्यातील शून्य पाहून आपण जेवढे भारावतो, तेवढे भारावण्याचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

टायसनबद्दल आपल्या भावाचे म्हणणे निम्मे खरे आहे. १९८६ मध्ये अवघ्या विसाव्या वर्षी तो या गटातील सर्वांत तरुण जगज्जेता ठरला आणि १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्सला त्याने ९१ सेकंदांत झोपवले. त्या दोन वर्षांतील टायसन भीतिदायक होता. पण १९९० मध्ये टोकियोत, ज्याला कोणी खिजगणतीत धरले नव्हते त्या बस्टर डग्लसने त्याला नॉकआउट केले. पुढे इव्हँडर होलिफील्डने दोनदा आणि २००२ मध्ये लेनॉक्स लुईसने एकदा हरवले. आपल्या काळातील या दोन सर्वांत तगड्या प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाही ज्याला कधी हरवता आले नाही, त्याला सार्वकालिक सर्वश्रेष्ठ म्हणणे कठीण आहे.

आता अली. त्याचे पाच पराभव नीट उलगडून पाहावेत. जो फ्रेझर, केन नॉर्टन आणि लिऑन स्पिंक्स या तिघांकडून तो हरला, आणि पुढे त्या तिघांनाही त्याने हरवले. उरलेले दोन पराभव, लॅरी होम्स आणि ट्रेव्हर बर्बिक यांच्याकडून झालेले, वयाच्या ३८ व्या आणि ३९ व्या वर्षीचे, म्हणजे त्याने रिंगबाहेर राहायला हवे होते त्या काळातले आहेत. शिवाय व्हिएतनाम युद्धाच्या वेळी लष्करभरतीला नकार दिल्यामुळे १९६७ मध्ये त्याचे अजिंक्यपद काढून घेण्यात आले आणि २५ ते २८ या वयातील, बॉक्सरच्या ऐन भराची सुमारे साडेतीन वर्षे त्याला लढताच आले नाही. ती वर्षे परत मिळाली असती तर काय झाले असते, याचा अंदाज मी हिशेबात धरत नाही. जे झाले तेच पुरेसे आहे.

कारण जोड पाहायची तर त्याच्या वाट्याला आलेले प्रतिस्पर्धी दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आले नाहीत. १९६४ मध्ये अजिंक्य वाटणारा सनी लिस्टन, फ्रेझरशी तीन लढती, नॉर्टनशी तीन, आणि १९७४ मध्ये किन्शासा येथे जॉर्ज फोरमन. या फोरमनने तोवर चाळीसच्या चाळीस लढती जिंकल्या होत्या, त्यांपैकी ३७ नॉकआउटवर. अलीला हरवणाऱ्या फ्रेझरला त्याने दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले होते आणि नॉर्टनलाही दोन फेऱ्यांत संपवले होते. ३२ वर्षांच्या अलीने दोरांना टेकून त्याचे ठोसे अंगावर घेतले, त्याला दमवले आणि आठव्या फेरीत नॉकआउट केले. याच फोरमनने पुढे १९९४ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी पुन्हा अजिंक्यपद मिळवले, यावरून किन्शासात अलीसमोर काय ताकदीचा माणूस उभा होता ते लक्षात येते.

माझ्या मते पहिले नाव अलीचे. तरीही कट्ट्यावर कोणी जो लुईचे नाव घेतले तर मी फार वाद घालणार नाही. १९३७ ते १९४९ असे जवळजवळ बारा वर्षे अजिंक्यपद आणि २५ वेळा त्याचा यशस्वी बचाव, हा विक्रम अजूनही कोणी मोडलेला नाही. ज्या मॅक्स श्मेलिंगने १९३६ मध्ये त्याला हरवले होते, त्याला १९३८ मध्ये त्याने १२४ सेकंदांत संपवले. २५ बचावांतील अनेक प्रतिस्पर्धी सामान्य होते, एवढ्यावरच लुई माझ्या यादीत दुसरा राहतो.

प्रश्न : वेगवेगळ्या काळांतील मुष्टियोद्ध्यांची माहिती संगणकाला देऊन हा वाद निःपक्षपातीपणे मिटवता येणार नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तो प्रयोग साठ वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत नभोवाणीवर संगणकाच्या आधारे अशी काल्पनिक स्पर्धा झाली आणि त्यात मार्सियानो विजेता ठरला. आपल्याला जुन्या काळातील जिम जेफ्रीजकडून हरलेले दाखवले म्हणून अलीने चक्क दावा लावला. पुढे १९६९ मध्ये त्याने मार्सियानोबरोबर कॅमेऱ्यासमोर लुटुपुटूची लढत केली, तिचे वेगवेगळे शेवट चित्रित झाले आणि जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांतून जो दाखवला गेला त्यात मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकतो. आपण जिंकलो हे मार्सियानोला कधी कळलेच नाही, कारण ऑगस्ट १९६९ मध्ये विमान अपघातात त्याचे निधन झाले होते. चिकाटी किती, जबड्याची सहनशक्ती किती, हे आकडे संगणकाला माणसेच पुरवतात; पक्षपात तेथेच शिरतो.

प्रश्न : आजचे हेवीवेट आकाराने एवढे मोठे आहेत, की जुन्यांची त्यांच्याशी तुलनाच होऊ शकत नाही, असे वाटत नाही का?
— एक वाचक, कागल

उत्तर : काही अंशी वाटते. आज हेवीवेट म्हणजे साधारण ९०.७ किलोंच्या वर. मधला क्रूझरवेट गट निर्माण होण्यापूर्वी हीच मर्यादा ७९.४ किलोंवर सुरू होत असे. सुमारे ८४-८५ किलोंचा मार्सियानो आज हेवीवेटमध्ये मोडलाच नसता. पण क्रूझरवेटमधून वर आलेल्या ओलेक्झांडर उसिकने मे २०२४ मध्ये रियाध येथे आपल्यापेक्षा सुमारे १७ किलोंनी जड असलेल्या टायसन फ्युरीला हरवले आणि लेनॉक्स लुईसनंतर प्रथमच निर्विवाद, म्हणजे सर्व प्रमुख संघटनांचे, अजिंक्यपद एका हाती आले. वजनानेच सारे ठरले असते तर हे घडले नसते.

प्रश्न : एखाद्या हिंदकेसरी पैलवानाने अलीला हरवले असते का?
— एक पैलवान, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : पकड बसली असती तर निश्चित; पण पकडीपर्यंत पोहोचायचे कसे, हा खरा प्रश्न. १९७६ च्या जूनमध्ये टोकियोत अली जपानी कुस्तीगीर अँटोनिओ इनोकीशी लढला. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला आणि पंधरा फेऱ्यांची ती कंटाळवाणी झुंज बरोबरीत सुटली. आपल्या आखाड्यात असा पडून राहणारा पैलवान प्रेक्षकांनी खपवून घेतला नसता. अलीच्या पायांना मात्र त्या लाथांनी चांगलीच इजा झाली. तीन महिन्यांनी तो नॉर्टनशी तिसऱ्यांदा लढला आणि पंचांनी त्याला गुणांवर विजयी ठरवले. ती लढत नॉर्टननेच जिंकली होती असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि अलीला पहिला क्रमांक देऊनही मी त्यांच्यातलाच एक आहे.